कोऱ्या कार्डावरची गोष्ट

सर्वांगाची केस आली, असं आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात म्हटलं जायचं. १९८४ साली एमबीबीएस होऊन मी सरकारी नोकरीवर एका आडगावी रुजू झालो, तेव्हा हा शब्द कंपाउंडरकडून पहिल्यांदा ऐकला आणि पंधरा दिवसांत तो माझ्याही तोंडी बसला. सर्वांगाची केस म्हणजे बहुधा बाई. वय तीस ते पन्नास. डोकं दुखतं, कंबर दुखते, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, भूक नाही, झोप नाही. तपासावं तर नाडी ठीक, रक्तदाब ठीक, छाती स्वच्छ. मग शक्तीच्या लाल गोळ्या, पातळ औषधाची बाटली आणि एक सुई. सुई दिली की रुग्णाचं समाधान व्हायचं आणि रांग पुढे सरकायची. बाजारच्या दिवशी बाहेर शंभर-सव्वाशे माणसं बसलेली असत. एकेकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त देणं शक्यच नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

त्यांतली एक बाई मला आजही दिसते. तिच्या डोक्यात गिरणी चालू असायची. दिवसा चालते, रात्री चालते, पट्टा थांबतच नाही, अशी तिची तक्रार. ती गेल्यावर आम्ही हसायचो. सात महिन्यांत ती अकरा वेळा आली आणि अकराही वेळा मी तिच्या केसपेपरवर अशक्तपणा असं लिहिलं. बाराव्या वेळी तिला बैलगाडीतून आणलं. तिने विहीर जवळ केली होती. दिराने पाहिलं आणि मागोमाग उडी घेतली, म्हणून ती हाती लागली.

ती सावध झाल्यावर मी पहिल्यांदाच तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो आणि पुस्तकातले प्रश्न मराठीत करून विचारले. उदास वाटतं का? निराश वाटतं का? ती प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणाली. आमच्या केंद्रातल्या मावशी कोपऱ्यात फरशी पुसत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, मला न विचारताच तिच्या उशाशी बसल्या आणि चूल पेटवावीशी वाटते का, कशात जीव रमतो का, कुणाच्या आठवणीने घशाशी येतं का, असं काहीबाही विचारू लागल्या. बाई जी रडायला लागली ती अर्धा तास. दोन वर्षांपूर्वी तिचा चार वर्षांचा मुलगा तापाने गेला होता. घरात कुणी त्याचं नावही काढत नव्हतं. गिरणी तेव्हापासून चालू होती.

पुढे तिचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या नावे मी चिठ्ठी दिली. त्या वेळी असा तज्ज्ञ आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही नव्हता. नंतर माझी बदली झाली आणि तिचं काय झालं ते मला कळलं नाही. मी स्वतः पुढे मानसोपचारशास्त्राकडे वळलो, त्याला ती गिरणी कारण झाली.

हे सगळं आज सांगायचं कारण फ्रान्ट्झ फॅनन. २०२५ साली त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली. फॅनन म्हटलं की लोकांना आठवतो तो वसाहतवादाचा कडवा वैरी आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा प्रवक्ता. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीने त्याला डोक्यावर घेतलं आणि त्या चळवळीचं नाव १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथरने घेतलं, एवढं नातं आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असतं. पण हा माणूस पेशाने मनोरुग्णालयातला डॉक्टर होता. सकाळी उठून वॉर्डात राउंड घ्यायचा, नर्सेसशी हुज्जत घालायचा, केसपेपर लिहायचा. मला ओढ आहे ती या फॅननची.

त्याचा जन्म २० जुलै १९२५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर, फोर्ट-द-फ्रान्स या गावी. वडील कस्टम्सच्या नोकरीत, आई दुकान चालवणारी. घर खाऊनपिऊन सुखी. कातडी काळी, पण शाळेत शिकवत फ्रान्सचा इतिहास, आणि मुलं स्वतःला फ्रेंचच समजत. पुढे कवी म्हणून जगभर नाव झालेला एमे सेझेर तिथल्या शाळेत शिकवत असे, त्याचा या पिढीवर मोठा परिणाम झाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स हिटलरच्या टाचेखाली गेला, तेव्हा सतरा वर्षांचा फॅनन घरातून निसटून शेजारच्या डॉमिनिका बेटावर गेला, द गॉलच्या सैन्यात भरती व्हायला. पुढे तो खरोखरच युरोपच्या रणभूमीवर लढला, जखमी झाला, त्याला शौर्यपदक मिळालं. त्या पदकाच्या शिफारशीवर सही होती कर्नल राऊल सालां याची. हाच सालां पुढे अल्जीरियातल्या फ्रेंच फौजांचा सेनापती झाला, म्हणजे फॅननचा शत्रू. इतिहास कधीकधी अशा गंमती करतो. ज्या देशासाठी रक्त सांडलं त्या देशाला आपण काळे म्हणूनच दिसतो, हा धडा फॅननने याच सैन्यात गिरवला.

युद्धानंतर तो वैद्यक शिकायला लियोंला गेला आणि मानसोपचारशास्त्राकडे वळला. काळ्या माणसाच्या मनावर गोऱ्या जगाचा काय परिणाम होतो, यावर त्याने लिहिलेलं बाड प्रबंध म्हणून पुढे केलं, तर प्राध्यापकांनी ते नाकारलं. मग त्याने फ्रीडराइश अटॅक्सिया या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक रोगातल्या मानसिक लक्षणांवर रीतसर प्रबंध लिहून १९५१ साली पदवी पदरात पाडून घेतली. नाकारलेलं बाड १९५२ साली पुस्तक होऊन बाहेर पडलं. काळी त्वचा, गोरे मुखवटे असं त्याचं नाव. पुस्तक गाजलं, पण सावकाश, बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर.

मला त्या पुस्तकापेक्षा त्याच वर्षीचा त्याचा एक लेख अधिक जवळचा वाटतो. उत्तर आफ्रिकी सिंड्रोम असं काहीसं त्याचं शीर्षक आहे. त्या काळी अल्जीरिया, मोरोक्कोतले हजारो मजूर फ्रान्सच्या कारखान्यांत कामाला आलेले होते. एकटे, बायकापोरं गावी, आठ-दहा जणांनी एका खोलीत राहायचं. ते इस्पितळात येत आणि सांगत की दुखतंय. कुठे दुखतंय? सगळीकडे. कधीपासून? सांगता येत नाही. डॉक्टर पोट दाबून बघायचे, क्ष-किरण काढायचे, काही सापडायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं पोटातून डोक्यात गेलेलं असायचं. मग डॉक्टर आपसांत डोळे मिचकावायचे. हा आळशी, हा सोंग करणारा, याला रजा हवी. या रुग्णांसाठी डॉक्टरांमध्ये एक थट्टेचं नावही रूढ झालेलं होतं.

फॅननचं म्हणणं असं, की डॉक्टर रुग्णाकडून रोगाकडे जात नव्हता, तो मनात आधीच पक्की करून ठेवलेली माणसाची प्रतिमा घेऊन रुग्णाकडे येत होता. अवयवात काही सापडलं नाही की दुखणंच खोटं, हा त्याचा हिशेब. घर नाही, बायको नाही, भाषा नाही, रस्त्यावर कुणी नावाने हाक मारत नाही, हे दुखणं कुठल्या अवयवात सापडणार? हा लेख मी एका ग्रंथालयात इंग्रजी भाषांतरातून वाचला आणि तिथेच पुस्तक मिटून बसून राहिलो. सर्वांगाची केस! लियोंच्या डॉक्टरांना ती आमच्याआधी बत्तीस वर्षं भेटली होती. आणि आमच्याकडे तर गोरा-काळा असा काही प्रश्न नव्हता. ती बाई आणि मी एकाच भाषेचे. निदान मला तरी तसं वाटत होतं.

पदवीनंतर फॅनन दक्षिण फ्रान्समधल्या सँ-आल्बां या डोंगरी गावातल्या मनोरुग्णालयात गेला. तिथे फ्रान्स्वा तोस्केल नावाचा कातालान डॉक्टर होता, स्पेनमधून फ्रँकोच्या तावडीतून सुटून आलेला. महायुद्धाच्या काळात फ्रान्सच्या वेड्यांच्या इस्पितळांमध्ये सुमारे चाळीस हजार रुग्ण भुकेने आणि थंडीने मेले. सँ-आल्बांने मात्र फाटक उघडून रुग्णांना आसपासच्या शेतांवर कामाला पाठवलं, त्याबदल्यात धान्य-भाजी आणली आणि माणसं जगवली. तोस्केलचा सिद्धान्त साधा होता. इस्पितळ स्वतःच आजारी असतं, आधी त्याच्यावर उपचार करावे लागतात. रुग्ण, नर्स, डॉक्टर यांनी मिळून एक छोटं गाव चालवायचं. बैठका, वर्तमानपत्र, नाटक, सण. याबरोबर विजेचे झटके आणि इन्शुलिनचे उपचारही चालत. फॅननच्या भक्तांना हे आवडत नाही, पण तो औषधोपचाराच्या विरोधात कधीच नव्हता.

हे शिकून, अठ्ठाविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९५३ मध्ये तो अल्जीरियात ब्लिदा-जोइनव्हिलच्या मनोरुग्णालयात विभागप्रमुख म्हणून रुजू झाला. अल्जीयर्सच्या नैऋत्येला, अॅटलास पर्वताच्या पायथ्याशी हे गाव. अल्जीरिया तेव्हा सव्वाशे वर्षं फ्रेंचांच्या ताब्यात होता. सुपीक जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे आणि मूळ शेतकरी त्यांच्याकडे मजूर. इस्पितळातही युरोपीय रुग्ण वेगळे आणि मुसलमान रुग्ण वेगळे. याचं आपल्याला नवल वाटायला नको. रांचीला १९१८ साली युरोपियनांसाठी स्वतंत्र मनोरुग्णालय निघालं, आणि तिथेच जवळ हिंदी लोकांसाठीचं दुसरं निघालं ते १९२५ मध्ये.

फॅननने आल्याआल्या रुग्णांच्या साखळ्या तोडल्या, अशी एक कथा सांगितली जाते. मला ती जरा फार देखणी वाटते. फ्रान्समधल्या पिनेल या जुन्या डॉक्टरबद्दलही अगदी अशीच कथा आहे. पण बांधून ठेवण्याची रीत त्याने मोडली, एवढं खरं.

त्याच्याकडे दोन वॉर्ड आले. एकात १६५ युरोपीय स्त्रिया, दुसऱ्यात २२० मुसलमान पुरुष. सँ-आल्बांचा धडा त्याने दोन्हीकडे सारखाच लागू केला. स्त्रियांच्या वॉर्डात महिन्याभरातच फरक दिसू लागला. नाताळ साजरा झाला, सिनेमे दाखवले, गाणी झाली, रुग्णांचं वर्तमानपत्र निघालं, शिवणकाम सुरू झालं. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेल्या बायका बोलू लागल्या.

पुरुषांच्या वॉर्डात मात्र ढिम्म काही हललं नाही. बैठक बोलावली तर माणसं येऊन बसत आणि भिंतीकडे बघत. नाटक बसवायचं म्हटलं तर कुणी पुढे येईना. टोपल्या विणायला दिल्या तर हात लावेनात. वर्तमानपत्राला लेखकही मिळेना आणि वाचकही. हळूहळू नर्स कंटाळले, वातावरण पूर्वीइतकंच उदासवाणं झालं. आता इथे डॉक्टरला दोन वाटा होत्या. एक वाट सोपी होती आणि तिच्यावर मोठमोठ्या लोकांची पावलं उमटलेली होती. अल्जीयर्सच्या विद्यापीठात आंत्वान पोरो नावाच्या प्राध्यापकाने एक संप्रदायच उभा केला होता. त्यांच्या मते उत्तर आफ्रिकेच्या माणसाचा मेंदूच आदिम. त्याला कुतूहल नाही, त्याला खरं दुःख होत नाही, तो चिडतो आणि मारतो. १९५३ साली, म्हणजे फॅनन ब्लिदाला आला त्याच वर्षी, केनियात काम केलेल्या कॅरोथर्स या ब्रिटिश डॉक्टरचा आफ्रिकी मनावरचा ग्रंथ खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने छापला. आफ्रिकी माणसाची तुलना या डॉक्टरने मेंदूचा पुढचा भाग शस्त्रक्रियेने तोडलेल्या युरोपियनाशी केली होती. नैराश्याचा आजार आफ्रिकेत क्वचितच असतो, असंही त्याचं मत. तेव्हा वॉर्डातली माणसं प्रतिसाद देत नाहीत, कारण ती तशीच आहेत, असं लिहून फॅननला मोकळं होता आलं असतं.

त्याने दुसरी वाट धरली. जाक आझुले या तरुण शिकाऊ डॉक्टरला बरोबर घेऊन त्याने आपलं अपयश जसंच्या तसं लिहून काढलं आणि १९५४ मध्ये छापलं. वैद्यकाच्या नियतकालिकांत यशाच्याच कहाण्या येतात. प्रयोग का फसला, हे स्वतःकडे बोट दाखवून सांगणारे लेख मी आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले. त्यात त्यांनी कबूल केलं, की आपण फ्रेंच खेड्यासाठी बेतलेला सदरा अल्जीरियन शेतकऱ्याच्या अंगावर चढवत होतो. हे रुग्ण बहुतेक निरक्षर, त्यांना वर्तमानपत्र काय कामाचं? टोपल्या विणणं त्यांच्या लेखी बायकांचं काम. मंचावर उभं राहून सोंग करणं अब्रूदार माणसाला शोभत नाही. त्यांची कला म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कथेकऱ्याची कथा, गोल करून बसून ऐकायची. ख्रिस्ती सणांशी त्यांना देणंघेणं नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे डॉक्टरला त्यांची भाषाच येत नव्हती. मधे दुभाष्या. त्या माणसांना दुभाष्या आजवर भेटला होता तो कचेरीत, पोलिसठाण्यात आणि कोर्टात. तोच आता इस्पितळात समोर बसलेला पाहून कोण मन मोकळं करील?

मग बदल झाले. वॉर्डात अल्जीरियन पद्धतीचं कॉफीघर उघडलं. मुसलमानी सण साजरे होऊ लागले. धर्मगुरू नमाजासाठी येऊ लागले, कथेकऱ्याला आमंत्रण गेलं. बागकाम आणि शेती, म्हणजे या हातांना ठाऊक असलेली कामं, सुरू झाली. फॅनन लहानपणापासून फुटबॉलचा वेडा, त्याने रुग्णांना हाताशी धरून मैदान करवून घेतलं. पुरुषांचा वॉर्ड हळूहळू बोलू लागला.

दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट घडली, ती तर मी माझ्या विद्यार्थ्यांना कितीदा सांगितली असेल. आमच्या शास्त्रात चित्रकार्डांची एक चाचणी आहे, अमेरिकेत १९३० च्या दशकात तयार झालेली. रुग्णाला एकेक चित्र दाखवायचं, त्यावरून गोष्ट रचायला सांगायची आणि गोष्टीवरून मनाचा ठाव घ्यायचा. फॅनन आणि शार्ल जेरोनिमी या त्याच्या सहकाऱ्याने ही कार्डं मुसलमान स्त्री रुग्णांना दाखवली. बायका चित्रातल्या वस्तू मोजत. हा हात, ही खिडकी. हे काय आहे ते आपल्याला ओळखता येत नाही म्हणून कानकोंड्या होत. गोष्ट काही होईना. पाठ्यपुस्तकाप्रमाणे निदान तयारच होतं, कल्पनाशक्ती खुंटलेली. पण त्या संचात एक कार्ड अगदी कोरं असतं. ते हातात दिल्यावर त्याच बायका भरभरून बोलू लागल्या. आपल्या जगातली माणसं, आपली घरं, आपली भीती. कार्डावर काही नव्हतं, म्हणून परकंही काही नव्हतं. कल्पनाशक्ती शाबूत होती, चित्रंच दुसऱ्या कुणाची होती. १९५६ साली त्यांनी हे बोर्दोच्या परिषदेत मांडलं.

पुढे शिकाऊ असताना मीही ही कार्डं ऊसतोड मजुरांपुढे धरलेली आहेत. कार्डावर व्हायोलिनकडे बघत बसलेला मुलगा आहे. ते काय आहे हे मलाच समजावून सांगावं लागायचं.

याच काळात फॅननने आणखी एक विषय हाती घेतला. वेडाकडे साधी अल्जीरियन माणसं कसं बघतात? त्यांच्या मते वेड म्हणजे जिन्नची बाधा. आपल्याकडे बाहेरचं म्हणतात, तसंच. सुशिक्षित माणूस लगेच नाक मुरडतो, मीही मुरडत असे. फॅनन स्वतः जिन्न मानणारा नव्हता. पण त्याने एक बारीक गोष्ट टिपली. युरोपातल्या इस्पितळात रुग्णाने अंगावर धाव घेतली, तर नर्सला मनातून वाटतं की हा मुद्दाम करतोय, आणि मग शिक्षेची भाषा सुरू होते. ब्लिदाच्या आसपासच्या खेड्यात मात्र आई मुलाचा मार खाते आणि दोष जिन्नला देते. मुलावर राग धरत नाही. बरा झाला की तो परत माणसांत येतो, आडपडद्याशिवाय. भ्रम जपावा असं त्याने म्हटलेलं नाही. वेड्या माणसाला गुन्हेगार न समजण्याची ही जी रीत आहे ती इस्पितळाने शिकावी, एवढाच त्याचा आग्रह. या बाबतीत मी जरा सावध आहे. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसपासच्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. बाधा मानणारेही साखळी वापरतात. पण त्या माणसांना तिथे घेऊन जाणाऱ्या घरच्यांकडे दुसरा कुठला दरवाजा उघडा होता, हेही विचारायला हवं.

१ नोव्हेंबर १९५४ ला अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि इस्पितळाच्या दारातून वेगळेच रुग्ण येऊ लागले. छळ झालेले आणि छळ करणारेही. फॅनन दोघांनाही तपासत होता. एका पोलीस अधिकाऱ्याची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. दिवसभर कोठडीत माणसांना मारून तो घरी यायचा आणि बायकोला, तान्ह्या लेकराला मारायचा. तो स्वतःहून आला होता. नोकरी सोडायची त्याची तयारी नव्हती. कामावर हात चालावा पण मनाला टोचणी लागू नये, घरी राग येऊ नये, असं काही औषध त्याला हवं होतं. आणखी एक पोलीस फॅननला भेटायला आला असताना इस्पितळाच्या आवारात झाडाला टेकून थरथरत उभा राहिलेला सापडला. त्याला वाटेत एक रुग्ण दिसला होता, त्यानेच कधीतरी छळलेला. तो रुग्ण मग कुठे दिसेना. शोधाशोध झाली, तेव्हा तो शौचालयात जीव द्यायच्या बेतात सापडला. आपल्याला पुन्हा धरून न्यायला पोलीस आला, अशी त्याची समजूत. तुला भास झाला, इथे पोलीस कुठले, असं सांगून त्याची समजूत घालावी लागली. डॉक्टरला रुग्णाच्या भल्यासाठी खऱ्याला भास म्हणावं लागलं. मी या प्रसंगापाशी नेहमी अडखळतो.

फॅनन आतून स्वातंत्र्यसैनिकांना मदत करत होता. औषधं, आसरा, उपचार. १९५६ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. माणसाला त्याच्या परिसरात परकं वाटू नये म्हणून मानसोपचार असतो, आणि इथे तर अख्खा समाजच आपल्या भूमीत परका करून ठेवलाय, मग मी कुणाला बरं करून कुठे पाठवू, असा त्या पत्राचा आशय. जानेवारी १९५७ मध्ये सरकारने त्याला हद्दपार केलं.

तो ट्युनिसला गेला. तिथला त्याचा राजकीय भाग सगळ्या चरित्रांत सविस्तर असतो. चळवळीच्या वृत्तपत्रात लेखन, आफ्रिकी परिषदा, १९६० मध्ये घानाला राजदूत म्हणून नेमणूक. माझ्या दृष्टीने त्याचं तिथलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे शार्ल निकोल रुग्णालयातलं दिवसाचं केंद्र. रुग्णाने सकाळी यायचं, दिवसभर उपचार, संध्याकाळी घरी. कुलूप नाही, गणवेश नाही. माणूस बायकोमुलांपासून, गल्लीपासून तुटत नाही. ज्या भांडणाने तो आजारी पडला ते भांडण दररोज रात्री त्याला भेटतं आणि सकाळी डॉक्टरपुढे ताजं येतं. शिवाय हे सगळं सर्वसाधारण इस्पितळाच्या आवारात, वेड्यांच्या उंच भिंतीआड नाही. गरीब देशांना हेच परवडेल आणि हेच बरंही आहे, असं त्याने १९५९ मध्ये लिहिलं. यातला खर्चाचा मुद्दा आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना चटकन पटावा, पण भारत सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला तो १९८२ साली. मानसोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याची त्यात तरतूद होती. मी १९८४ मध्ये असल्याच एका केंद्रात बसलो होतो आणि त्या कार्यक्रमाचा कागद माझ्या टेबलापर्यंत पोहोचला नव्हता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीतही बहुतेक मानसिक आजारांत शंभरातल्या ७० ते ९२ जणांना उपचार मिळत नाहीत, असं दिसलं.

फॅनन एकटाच हे करत होता असं नाही. नायजेरियात थॉमस अडेओये लॅम्बो या डॉक्टरने १९५४ पासून रुग्णांना नातेवाइकांसह खेड्यांतल्या घरांत ठेवायला सुरुवात केली. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी त्याच दशकात रुग्णांच्या घरच्यांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून दिले. कॅरोथर्सचं मतही फार टिकलं नाही. लॅम्बो आणि त्याच्या अमेरिकी सहकाऱ्यांची १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की योरुबा खेड्यांत नैराश्याची लक्षणं भरपूर होती. विचारणाऱ्याला विचारता यायला हवं होतं, इतकंच.

फॅननचं सगळंच मला पटतं असं नाही. शेवटच्या पुस्तकात त्याने हिंसेबद्दल जे लिहिलं, ते वाचताना त्याच पुस्तकातलं अखेरचं प्रकरण आठवतं. त्यात हिंसेने मोडलेल्या माणसांच्या हकीकती आहेत, दोन्ही बाजूंच्या, आणि त्या पहिल्या प्रकरणाला निमूटपणे उत्तर देतात. स्वभावानेही तो तापट, घाईचा होता. घाईला कारणही मिळालं. १९६० च्या अखेरीस त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. सोव्हिएत रशियात उपचार झाले, थोडा उतार पडला. त्या उसंतीत त्याने पुस्तक सांगून लिहून घेतलं. मग प्रकृती पुन्हा ढासळली आणि उपचारांसाठी अमेरिकेत जावं लागलं. ६ डिसेंबर १९६१ रोजी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या रुग्णालयात तो गेला. रुग्णालयातल्या नोंदीत त्याचं नाव इब्राहिम फॅनन होतं. वय छत्तीस.

त्याचा देह ट्युनिसला आणला आणि तिथून सहकाऱ्यांनी तो सरहद्दीपलीकडे नेऊन अल्जीरियाच्या मातीत पुरला. युद्ध अजून चालू होतं. सात महिन्यांनी, ५ जुलै १९६२ ला, देश स्वतंत्र झाला आणि पुढे ब्लिदाच्या इस्पितळाला फॅननचं नाव दिलं गेलं. ते नाव आजही आहे. तिथले डॉक्टर आता अल्जीरियन आहेत. रुग्णाशी ते त्याच्या अरबीत बोलतात, मधे दुभाष्याची खुर्ची लागत नाही.